एका लेकराचे दोन फोटो

पोर ताठ झालं. मी कॅमेऱ्याच्या मागं होते, बोट बटणावर होतं, आणि काचेतून बघताना दिसलं की लेकराचे डोळे वर गेले. नुसतं पांढरं उरलं. हातपाय झटके द्यायला लागले, ओठ निळे पडले. दहा महिन्यांची पोरगी, अंगात तिच्या गेलेल्या भावाचा निळा शर्ट, आणि माझ्या स्टुडिओतल्या चौरंगावरून ती कलंडली. आईनं तिला वरच्या वर झेललं आणि किंचाळली. आजीनं काय करावं? तिनं तो शर्ट धरून असा ओढला की बटणं तुटून फरशीवर उडाली. मग पोरीच्या कानाला तोंड लावून तिचं नाव घेत सुटली, "केहिंदे! केहिंदे!"

माझा मुलगा संदीप भिंतीला चिकटून उभा. "आई, गेली का गं?"

"गप. नाय गेली."

मला ते कळतं. जन्मभर मी मयताचे फोटो काढले. गेलेलं माणूस दारातून ओळखते मी. जबडा सैल पडतो, चेहऱ्याला वजन येतं. ही ताठ होती. ताठ आहे म्हणजे आत कोणीतरी झगडतंय. मी पोरीच्या आईला दंडाला धरून बाहेर काढलं. दारात अन्वरभाई रिक्षात बसून पान चघळत होते.

"अन्वरभाई, दवाखाना! बच्चों का!"

"अरे बाप! बैठो अम्मा, बैठो. पाँव अंदर लो."

त्यांनी रिक्षा उलट्या बाजूनं घातली. लोक शिव्या देत होते, अन्वरभाई त्यांना दुप्पट देत होते. चौक ओलांडला तसे झटके थांबले आणि पोरगी आईच्या मांडीवर ओल्या फडक्यासारखी पडली. जबडा सैल. तेव्हा मात्र माझी खात्री राहिली नाही. दवाखान्याच्या दारात सिस्टरनं तिला उचललं, आत नेलं आणि दार लोटलं. आम्ही तिघी बाया बाहेर.

आता हे लोक कोण आणि मेलेल्या भावाचा शर्ट बहिणीला घालून मी फोटो का काढत होते, हे सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. तेव्हा आधी धंद्याचं सांगते. शाळा मी चौथीपर्यंत शिकले, देवगाव रंगारीला. जसं येतं तसं लिहिते.

माझे सासरे वेरूळला लेण्यांपुढं पर्यटकांचे फोटो काढायचे. नवऱ्यानं उस्मानपुऱ्यात स्टुडिओ टाकला. लग्नं तो करायचा, मयतं मी. त्याला मयत बघवत नव्हतं, मला काही व्हायचं नाही. पूर्वी पुष्कळ माणसं आयुष्यात एकही फोटो न काढता मरायची. मग तिरडी बांधायच्या आधी घाईघाईनं आम्हाला बोलावणं यायचं. डोक्याखाली उशी द्यायची, घरच्यांना कडेनं बसवायचं, फ्लॅश समोरून न मारता भिंतीवर मारायचा. समोरून मारला की चेहरा पीठ लावल्यासारखा दिसतो. पण लोकांना भिंतीवर लावायला मिटलेले डोळे नको असतात. म्हणून छापलेल्या फोटोवर मी बारीक ब्रशनं उघडे डोळे काढायची. त्याला आम्ही डोळे उघडणं म्हणायचो. एका घरच्या पोरांनी सांगितलं, बाबांचे डोळे मोठे करा. केले. त्यांची आई बघून म्हणाली, "हे आमचे नव्हंत. आमच्यांनी माझ्याकडं कधी एवढं डोळे भरून बघितलं नाय." परत बारीक करून दिले.

दुसरी करामत डबल रोलची. लेन्सच्या अर्ध्या भागावर काळा पुठ्ठा लावायचा, गिऱ्हाईक डावीकडं बसवून एकदा बटण दाबायचं. मग रीळ न फिरवता पुठ्ठा दुसऱ्या बाजूला, गिऱ्हाईक उजवीकडं, परत बटण. एकाच फोटोत एक माणूस स्वतःशीच गप्पा मारत बसलेला. शिवरात्रीच्या जत्रेत आमच्याकडं त्यासाठी रांग लागायची. ही गंमत होती, बाकी काही नाही. असं मला वाटायचं.

विद्यापीठात बाहेरच्या देशांतली पोरं शिकायला येतात. त्यातला तुंडे नायजेरियाचा, इबादान शहरातला, योरुबा लोकांपैकी. इथं पीएचडी करत होता, बायको शादे सोबत होती. तीन वर्षांत दोघं बाजारातलं हिंदी चांगलं बोलायला लागले होते. एकदा तुंडे दुकानात आला. "अम्मा, दादाजी मर गये. फोटो निकालने आओ."

मी पांढरी साडी नेसले, तोंड पाडलं आणि सांगितलेल्या हॉलवर गेले. आत ढोल. सगळ्यांच्या अंगावर एकाच जांभळ्या कापडाचे कपडे. बाया डोक्याला तेच कापड कडक बांधून आलेल्या. म्हाताऱ्याचा फोटो हातपंख्यांवर छापलेला, आणि ते पंखे वर धरून ही माणसं नाचत होती. मयत तिकडं इबादानला, आणि समारंभ इकडं. मला वाटलं चुकीच्या हॉलमध्ये आले.

"तुंडे, आजा वारला ना रे तुझा?"

"नब्बे साल जिया, अम्मा! नाती-पोती सब देखा. ऐसे आदमी का रोना क्या? नाचो!"

मी नाचले नाही. पण फोटो असे काढले की हात थांबेना. एवढ्या वर्षांत मयताच्या कामात पहिल्यांदाच मी हसणारे दात टिपत होते. घामानं चमकणारे चेहरे, हवेत उडालेली पावलं. घरी येऊन संदीपला फोटो दाखवताना मी लहान पोरीसारखी बडबडत होते. तो म्हणाला, "आई, तू मयताला गेलती का वरातीला?" मला तरी कुठं माहीत होतं?

त्याच दिवशी मी शादेला विचारलं होतं, तुमच्यात लहान कोणी गेलं तर कसं करता? तिचा चेहरा बदलला. म्हणाली, तेव्हा काहीच करत नाहीत. कापड नाही, ढोल नाही, फोटो नाही. आईबाप मातीलासुद्धा जात नाहीत. लेकरू आईबापाच्या आधी जाणं हे उलटं आहे, आणि उलट्या गोष्टीला ते लोक गाणं लावत नाहीत.

पुढं शादेला जुळं झालं, मुलगा आणि मुलगी. योरुबांत जुळ्यांची नावं ठरलेली असतात. आधी येतो तो तायवो, मागून येते ती केहिंदे. आणि मोठी कोण? तर मागून आलेली. तिनं म्हणे धाकट्याला पुढं पाठवलं, बघून ये जग कसं आहे ते. त्या लोकांत जुळी फार होतात आणि जुळ्यांचा मान मोठा. बाळंतपणाला शादेची आई इबादानहून आली होती. तिला सगळे मामा म्हणत, म्हणजे त्यांच्यात आई. मी आपली मामाबाई म्हणायला लागले, काहीतरी सोय पाहिजे ना.

पण ही मामाबाई माझ्या दुकानात आली ती बऱ्याच महिन्यांनी. शादे, तिच्या कडेवर पोरगी आणि मागं ही, माझ्याच वयाची, डोक्याला हिरवं कापड.

"अम्मा, जुड़वाँ का फोटो," शादे म्हणाली.

"दुसरं कुठाय?"

"बाजार गया."

"मग येऊ द्या की. बसा." मी खुर्च्या ओढल्या, चहा सांगितला. चहा आला, संपला. कोणी आलं नाही. मी म्हटलं, "किसके साथ गया? लई वेळ लावला." शादे फरशीकडं बघत राहिली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. जुळ्यातलं एक गेलं तर ते लोक मेलं म्हणत नाहीत. बाजाराला गेलं म्हणतात. आपल्याकडं बांगडी फुटली तर वाढली म्हणतात, दिवा विझवायचा नसतो, मालवायचा असतो. हे सगळं मला माहीत, आणि बाजार कळला नाही. तायवो पाच महिन्यांचा असताना छातीत कफ भरून गेला होता.

मामाबाईनं माझ्यावर राग धरला नाही. तिनं पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला एक फोटो काढून माझ्यापुढं ठेवला. काळा-पांढरा, जुना. दोन मुली शेजारी शेजारी बसलेल्या, सारखाच झगा, सारखेच हात मांडीवर. मी चष्मा पुसला. डावीच्या भुवईवर व्रण होता. उजवीच्याही त्याच भुवईवर, तसाच. मी फोटो खिडकीपाशी नेला. मधोमध, वरून खालपर्यंत, केसाएवढी पुसट रेघ.

"अगं बया! ही तर डबल रोल!"

मामाबाई हसली. तिनं स्वतःच्या भुवईवर बोट ठेवलं. व्रण तिथंच होता. दोन्ही मुली तीच होती, बाजाराला गेलेल्या जुळ्या बहिणीच्या जागीही तीच.

मला काय झालं ते सांगता येत नाही. माझे सासरे वेरूळला ज्या पुठ्ठ्यानं लोकांना हसवत होते, त्याच पुठ्ठ्यानं समुद्रापार कोणी फोटोवाला गेलेल्या लेकराला परत बसवत होता. मी संदीपला हाका मारल्या, शेजारच्या शिंप्याला बोलावून दाखवला. शादे सांगत होती, मी विचारत होते. पूर्वी जुळ्यातलं एक गेलं की लाकडाची बाहुली करून घ्यायचे. तिला आंघोळ, तिला कपडे, तिला घास. मग गावोगाव फोटोवाले आले आणि पुष्कळ घरांत बाहुलीचं काम फोटो करायला लागला. जुळ्यांचा जीव एकमेकांत गुंतलेला असतो. गेलेल्याला विसरलं तर तो एकटा पडतो, आणि एकटा पडला की राहिलेल्याला हाक मारतो.

"मोबाइलमध्ये दोघांचे फोटो असतील की," संदीप म्हणाला.

ढीगभर होते. पण त्यात तायवो पाच महिन्यांचाच राहिला होता. केहिंदे वाढतेय, तर तोही वाढला पाहिजे.

मी शादेला सरळ विचारलं, "तू मानती का हे?"

"मालूम नहीं, अम्मा." तिनं पोरीचा हात माझ्या हातात दिला. नुसती काडी. "जब से वो बाजार गया, ये खाना नहीं खाती."

मग मी पुढं काही विचारलं नाही.

संदीपनं त्या दिवशी केहिंदेचा एक फोटो काढून कॉम्प्युटरवर त्याची दुसरी प्रत उलटी करून शेजारी लावली, कपड्याचा रंग बदलला. पाच मिनिटांचं काम. मामाबाईनं पडद्याकडं बघितलं, मान हलवली आणि एक बोट वर केलं. एक. तिला दोन पाहिजे होते. दोघांचे दोन फोटो, दोघांच्या कपड्यांत, ज्याच्या त्याच्या नावानं हाक मारून काढलेले.

"अगं आई, शेवटी पोरगी एकच आहे ना!" संदीप वैतागला.

"तुला एक दिसती. गिऱ्हाइकाला दोन पाहिजेत. घाल कॅमेरा स्टँडवर."

दुसऱ्या दिवशी त्या परत आल्या. पोरीचं अंग जरा कोमट लागलं. शादे म्हणाली दात येताहेत. पिवळ्या फ्रॉकमधला पहिला फोटो झकास आला. मामाबाईनं माझ्या मागं उभं राहून "केहिंदे!" म्हटलं, पोरीनं बघितलं, मी बटण दाबलं. मग निळा शर्ट घातला. मामाबाईनं हाक मारली, "तायवो!" आणि पोर ताठ झालं.

दवाखान्याचं दार उघडलं तेव्हा डॉक्टर बाहेर आले. ताप डोक्यात गेल्यानं झटके आले, ते थांबलेत. पण छाती भरलीय. म्हणजे जिवंत होती, पण भाऊ गेला त्याच वाटेवर होती. तुंडे विद्यापीठातून धापा टाकत आला. पोरीच्या नाकाला नळी, हाताला सुई. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत, पण आजच काही सांगत नाही.

त्या बाकावर मायलेकींचं भांडण झालं. अर्धं त्यांच्या भाषेत, अर्धं शादेनं मला सांगितलेलं. मामाबाईचं म्हणणं, केहिंदेचा फोटो झाला, तायवोचा राहिला. तो दारात उभा राहून बघतोय, मला का नाही बसवलं म्हणून. कॅमेरा आण आणि आत्ता काढ, पोरगी निजली आहे तशीच, अंगावर शर्ट नुसता ठेव. शादे उठून उभी राहिली. एवढे महिने बाजार बाजार म्हणणारी ती बाई मोठ्यानं ओरडली, "मर गया वो! हम देर से आये इसलिए मर गया! फोटो के लिए नहीं!"

मामाबाईनं झडप घालून तिच्या तोंडावर हात दाबला. तुंडेनं दोघींना धरलं. मामाबाई माझ्याकडं वळून काहीतरी बोलली.

"बोलती है, तुम बूढ़ी हो, तुम बोलो," तुंडे म्हणाला.

बघा, माझ्यावर आलं. मला त्यांच्या देवाचं काही कळत नव्हतं, डॉक्टरांचंही नाही. मला धंदा कळत होता, तेवढं बोलले. "फोटो काढीन. शर्ट घालूनच काढीन. पण निजलेल्या पोरीचा नाय. माझ्या धंद्यात आडवं आणि डोळे मिटलेलं गिऱ्हाईक एकाच जातीचं असतं. ही त्यातली नाय. उठून बसंल तेव्हा काढीन."

तुंडेनं ते सांगितलं. मामाबाई माझ्याकडं एकटक बघत राहिली. मग बसली. शादेही बसली, दुसऱ्या टोकाला.

त्यानंतर मी रोज कॅमेरा पिशवीत घालून जायची. आज बसंल, आज बसंल. दुकान संदीप बघत होता. कामाला अशी अधीर मी माझ्या लग्नाच्या वर्षीसुद्धा झाले नव्हते. वॉर्डातल्या सिस्टरनं पहिल्याच दिवशी हटकलं.

"मावशी, कॅमेरा आत चालत नाय."

"बंद आहे."

"मग आणला कशाला?"

"लागला तर घरी पळत जाऊ का?"

मामाबाई डब्यात चवळी शिजवून आणायची, लाल तेलातली. जुळ्यांना चवळी आवडते म्हणे. ती आधी वॉर्डातल्या बाकीच्या पोरांच्या आयांना वाटायची, मग मला. तिखट माझ्या तोडीचं होतं. ती तिच्या भाषेत बोलायची, मी माझ्या. मी तिला फोटोत डोळे मोठे केलेल्या त्या बाबांची गोष्ट हातवारे करून सांगितली. ती एवढी हसली की सिस्टर धावत आली.

एक दिवस मात्र पोरगी फारच खाली गेली. श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जात होत्या. डॉक्टरांनी आईला आत बोलावलं. त्या दिवशी मामाबाईनं डबा उघडला नाही आणि मी पिशवी उघडली नाही. संध्याकाळी मी घरी निघताना तिनं माझं मनगट धरून ठेवलं, म्हणून बसले. तुंडे येऊन म्हणाला, श्वास जरा सुधरला, तेव्हाच तिनं मनगट सोडलं.

त्यानंतर पोरगी आठवडाभरात सावरत गेली. एका सकाळी मी वॉर्डात पाय ठेवला तर केहिंदे पलंगावर बसलेली. उशीला टेकून, पण बसलेली. नळी निघाली होती. मी पिशवी खाली ठेवताच तिनं कॅमेऱ्याचा पट्टा ओढला आणि तोंडात घातला. खायला लागली होती, काहीही.

मी शादेकडं बघितलं. शर्टाचं कसं विचारावं कळेना. तिनं स्वतःच उशीखालून काढला. बटणं परत शिवलेली होती. तिनंच पोरीला घातला, तिनंच केस सारखे केले.

सिस्टर बघत होती. म्हणाली, "मी औषधं आणायला चालले. मी काही बघितलं नाय."

खिडकी डावीकडं होती. स्टुडिओतला दिवाही मी डावीकडूनच टाकला होता. नशीब! पोरीला थोडी फिरवली, कॅमेरा पहिल्या फोटोच्या उंचीला धरला. कोपर पलंगाच्या दांड्याला टेकलं. मामाबाई माझ्या मागं उभी राहिली. पण हाक तिनं मारली नाही. तिनं शादेला पुढं केलं.

शादे म्हणाली, "तायवो."

पोरीनं वर बघितलं. मी बटण दाबलं.

संदीपनं दोन्ही फोटो जोडले, दवाखान्याचा हिरवा पडदा काढून टाकला. माझ्या पुठ्ठ्याच्या कामात मधोमध रेघ राहायची. त्याच्या कामात शोधूनही सापडली नाही. हे त्याला तोंडावर सांगितलं नाही, इथं लिहिते. फ्रेमवाल्यानं सवयीनं विचारलं, "हार लावायचा का?" मी म्हटलं, "कोणत्या अर्ध्याला?"

मामाबाईनं फ्रेम मांडीवर घेतली. पिवळ्या फ्रॉकमधली पोरगी गालांनी जरा भरलेली, हसू फुटायच्या बेतात. निळ्या शर्टातलं लेकरू वाळलेलं, हनुवटी टोकदार, डोळे मोठे, हातावर सुईची खूण. आजारानं तोंड असं बदललं होतं की कॉम्प्युटरला जे जमलं नव्हतं ते झालं होतं. बहीण आणि भाऊ दिसत होते. मामाबाईनं माझ्यापुढं दोन बोटं वर केली.

तुंडेचं शिक्षण संपल्यावर ते सगळे इबादानला गेले. फोटो सोबत नेला. तिकडं तो भिंतीवर आहे आणि त्याच्यापुढं चवळी ठेवतात, असं शादे फोनवर सांगते. तायवो पाच महिन्यांचा असताना बाजाराला गेला. केहिंदे वाचली.